गळालेला ‘न’

सिस्टरनं पीएचडीसाठी विनोदाचा विषय घेतला, आणि घरच्यांनी ती बातमी जितक्या गंभीरपणे ऐकली तितक्या गंभीरपणे तिनं स्वतःही तो घेतला नव्हता.

तिला सगळेच सिस्टर म्हणत. अठरा वर्षं ती शस्त्रक्रियेच्या वॉर्डात होती, गेली सहा वर्षं नर्सिंग कॉलेजात शिकवत होती, पण कोपऱ्यावरचा दुकानदार, मुलीच्या शाळेतल्या बाई, खुद्द तिचा नवरा, सगळ्यांच्या तोंडी सिस्टरच. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. चारचौघांत त्यानं ‘सिस्टर, चल, उशीर होतोय’ अशी हाक मारली की नवखी माणसं चमकून दोघांकडं आळीपाळीनं बघत. दोघांनाही त्याची सवय झाली होती आणि खुलासा करायचा कंटाळा आला होता.

कॉलेजनं फर्मान काढलं होतं की पीएचडी नसेल तर बढती विसरा. बाकीच्या शिक्षिकांनी जखमेची निगा, हात धुण्याच्या सवयी असे सरळ नाकासमोर चालणारे विषय घेतले. सिस्टरनं फॉर्मवर लिहिलं, ‘परिचारिकांचा आपसांतला विनोद’.

सासूबाई मटार सोलत होत्या. “हसण्यावर पीएचडी? ती देतं कोण?”

“विद्यापीठ, आई.”

“मग तुझ्या सासऱ्यांना मरणोत्तर मिळायला हवी होती. जन्मभर त्यांनी जे जे हाती घेतलं, त्याला लोक हसलेच.” आणि त्या पुढची शेंग सोलायला लागल्या.

सिस्टरच्या डोक्यात मात्र हा विषय उगाच आला नव्हता. नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकात एक नियम होता. ‘वॉर्डात परिचारिकांनी आपसांत हसू नये. हसणाऱ्या परिचारिकांच्या वॉर्डांत चुका दुपटीने अधिक होतात, असे संशोधनाने सिद्ध झाले आहे.’ शिकाऊ असताना या नियमाखाली तिला लेखी समज मिळाली होती. एका पेशंटनं ऑपरेशनच्या आधी फार गंभीर चेहऱ्यानं विचारलं होतं, “सिस्टर, डॉक्टरांचं हे पहिलंच ऑपरेशन का?” आणि शेजारची मैत्रीण म्हणाली होती, “नाही हो, पहिलं काल होतं.” दोघींना हसू आवरलं नाही. तेव्हापासून अठरा वर्षं सिस्टर हसू आलं की कपड्यांच्या खोलीत जाऊन टॉवेल तोंडात कोंबायची. अख्ख्या वॉर्डाची तीच रीत होती. एकेका टॉवेलवर दातांचे ठसे होते. आणि आता तोच नियम ती वर्गात शिकवत होती, परीक्षेत त्यावर दोन मार्कांचा प्रश्नही काढत होती. शिकवताना दर वर्षी जीभ अडखळायची.

मार्गदर्शक म्हणून तिला जे सर मिळाले ते विनोदशास्त्रातलं बडं प्रस्थ होतं. त्यांनी विनोदावर चारशे पानांचा ग्रंथ लिहिला होता. त्यात विनोदाचे बहात्तर प्रकार सांगितले होते आणि एकाही प्रकारानं हसू येत नव्हतं. सर उंच, वाळकुडे, आणि बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून भिंतीकडं बघायचे. विद्यार्थ्यांत असा समज होता की सर एकदाच हसले होते आणि तेही फोटोग्राफरनं सांगितलं म्हणून.

“वॉर्डातले किस्से मला नकोत,” पहिल्याच भेटीत सर म्हणाले. “अनुभव म्हणजे ज्ञान नव्हे. संदर्भ आणा. विद्वत्तापूर्ण संदर्भ. चाळीस.”

“चाळीसच का, सर?”

“एकोणचाळीस असले की समितीला संशय येतो.”

सिस्टर विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेली. संगणकाच्या सूचीत तिनं ‘विनोद’ असा शब्द टाकला. दोनशे बारा पुस्तकं आली. तिला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. मग ती यादी वाचायला लागली. काँक्रीटचे गुणधर्म. डासांचे जीवनचक्र. सांडपाण्याचा निचरा, भाग दुसरा. सगळ्या लेखकांचं नाव विनोद होतं. मग तिनं परदेशी जर्नलांच्या डेटाबेसमध्ये ‘ह्यूमर’ शोधलं, तर डोळ्यातल्या पाण्यावरचे चारशे निबंध निघाले, कारण बुबुळामागच्या द्रवालाही डॉक्टरी भाषेत तोच शब्द आहे. घाईत एक अक्षर चुकलं तेव्हा ट्यूमरवरचे लाखभर निबंध समोर आले. चुकून का होईना, ते तिला पहिल्यांदा नीट समजले.

“कुणी मेलं का?” मागून आवाज आला.

ग्रंथपाल होते. बुटके, गोल, खिशाला चार पेनं. विद्यार्थी त्यांना वाळवी म्हणत, कारण ते कुठलंही पुस्तक आतून पोखरून बाहेर येत. त्यांना हे ठाऊक होतं आणि ते नाव त्यांना नावडतही नव्हतं.

“विनोदावरचे संदर्भ शोधतेय,” सिस्टर म्हणाली.

“तरीच चेहरा असा झालाय.” वाळवीनं खुर्ची ओढली. “बाई, संदर्भ शोधायचा म्हणजे घरात भाडेकरू ठेवण्यासारखं आहे. त्याला स्वतःला विचारून काही कळत नाही. आधीच्या घरमालकाला विचारायचं. एक बरा निबंध घ्या, त्याच्या शेवटची यादी वाचा, त्या यादीतले निबंध काढा, त्यांच्या याद्या वाचा. असं मागं मागं जा. मग उलटं फिरा, तोच निबंध पुढं कुणाकुणी वापरला ते बघा. आणि पुस्तकाच्या मुखपृष्ठावर कधी विश्वास ठेवू नका, तळटिपांवर ठेवा. खोटं बोलणारा माणूस मोठ्या अक्षरात खोटं बोलतो. बारीक अक्षरात त्याला कंटाळा येतो.”

त्या दिवसापासून सिस्टर वर्ग संपला की ग्रंथालयात जायची. वाळवी तिला जर्नलांचे बांधलेले खंड आणून द्यायचा, डेटाबेसचा पासवर्ड सांगायचा, आणि तिसरा कप चहा झाला की उठवायचा. दोन महिन्यांत तिच्याकडं एकतीस चांगले संदर्भ जमले. कारखान्यातल्या कामगारांचे विनोद, अग्निशमन दलातले, शवागारातले. शवागारावरचा निबंध तिनं बसमध्ये वाचला आणि शेजारचा माणूस उठून उभा राहिला, इतकी ती हसली.

अडचण झाली ती बत्तिसाव्याला. पाठ्यपुस्तकातलं ते ‘संशोधनाने सिद्ध झाले आहे’ कुठून आलं, ते तिला शोधायचं होतं. वाक्य सगळीकडं होतं. तिनं मोजले तर तेवीस ठिकाणी. कुणी ‘दुपटीने’ म्हणत होतं, कुणी ‘अनेक पटींनी’, एकानं ‘जगभरातील अभ्यासक एकमुखाने सांगतात’ असं ठोकून दिलं होतं. पण तळटीप सगळ्यांची एकच. ‘परिचारिका वार्तापत्र, वर्ष चौथे, अंक दुसरा, पृष्ठ १११.’

“हे वार्तापत्र आहे कुठं?” तिनं विचारलं.

वाळवीनं जुन्या नियतकालिकांची एक जाड सूची काढली. बोट फिरवत फिरवत तो एका नोंदीवर थांबला आणि बराच वेळ थांबला.

“आपल्याकडं नाही. एका मोठ्या रुग्णालयाचं घरगुती वार्तापत्र होतं. सायक्लोस्टाइल केलेलं, पाच वर्षं चाललं.” त्यानं सूची तिच्याकडं वळवली. “आणि हे बघा.”

नोंदीत लिहिलं होतं, ‘प्रत्येक अंकाची पृष्ठे १६.’

“सोळा पानांच्या अंकाचं एकशे अकरावं पान,” सिस्टर म्हणाली.

“तेवीस विद्वानांनी वाचलेलं,” वाळवी म्हणाला.

याचा अर्थ कळायला दोघांना फार वेळ लागला नाही. मुळात पान अकरा असणार. कुणीतरी एक एकडा जास्त छापला, आणि पुढच्या प्रत्येकानं मूळ अंक न उघडता आधीच्याची तळटीप उतरवली, एकड्यासकट. परीक्षेत शेजाऱ्याच्या पेपरातलं गणित उतरवताना त्याचं नावही उतरवावं, तसं. तेविसांतलं सगळ्यात जुनं पुस्तक कुठलं ते सिस्टरनं बघितलं. ते सरांचं होतं. पान दोनशे सहा.

आता मूळ अंक हवा होता. वाळवीनं चार ग्रंथालयांना पत्रं लिहिली. तीन ठिकाणांहून ‘नाही’ आलं आणि एका ठिकाणाहून वार्षिक वर्गणीचं बिल आलं. सिस्टरनं मग सूचीतली नोंद पुन्हा नीट वाचली तेव्हा कळलं की ते रुग्णालय म्हणजे तिचंच जुनं रुग्णालय, आणि रुग्णालयात कागद टिकतो तो ग्रंथालयात नाही, चादरींच्या खोलीत. तिथं कुठलाही चांगला, जाड कागद फेकत नाहीत. तिनं चादरींच्या खोलीतल्या मावशींना फोन लावला.

“फळ्यांवर अंथरलेले कागद आहेत खरे,” मावशी म्हणाल्या. “पण त्यावर चादरींचे गठ्ठे आहेत. सगळे उचलायला लागतील.”

“मी येते उचलायला.”

दुसऱ्या दिवशी सिस्टर आणि वाळवी दोघांनी मिळून तीनशे चादरी, ऐंशी उशांचे अभ्रे आणि कुणालाच न होणाऱ्या मापाचे पायजमे खाली काढले. वाळवीला धुळीनं शिंका येत होत्या आणि प्रत्येक शिंकेनंतर तो मावशींची माफी मागत होता. फळ्यांवर वार्तापत्राचे अंक पालथे अंथरलेले होते. चौथ्या वर्षाचा दुसरा अंक खालच्या फळीवर मिळाला, कोपऱ्यावर आयोडिनचा डाग. पान अकरा. ‘आमच्या सहा वॉर्डांतील पाहणी’, लिहिणारी मेट्रन, पुरुष शस्त्रक्रिया विभाग.

सिस्टरनं उभ्या उभ्या वाचलं. मग वाळवीला दिलं. “तुम्ही वाचा. माझे डोळे फिरलेत की काय ते बघा.”

वाळवीनं चष्मा पुसून मोठ्यानं वाचलं. “‘न हसणाऱ्या परिचारिकांच्या वॉर्डांत चुका दुपटीने अधिक आढळल्या.’” तो थांबला. “न हसणाऱ्या. न.”

छपाई स्वच्छ होती. ‘न’ ठळक होता, सुटा होता, त्याच्या दोन्ही बाजूंना जागा होती. न दिसायला त्याला काही कारणच नव्हतं.

मावशी म्हणाल्या, “म्हणजे हसायला हरकत नव्हती?”

“असं दिसतंय,” सिस्टर म्हणाली.

“मग ते टॉवेल फुकटच की हो चावले.” मावशींनी पायजम्यांचा गठ्ठा उचलला आणि परत फळीवर ठेवला.

सिस्टरला आधी हसू आलं, मग राग आला, आणि बसमध्ये बसल्यावर आठवलं की हे आता सरांना सांगायचं होतं. घरी नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “लिफ्टचं असंच असतं. माणसं वरच्या मजल्यावर अडकतात, पण बिघाड खाली तळघरात असतो. सांगून टाक.” सासूबाई म्हणाल्या, “सांग, पण डिग्री हातात पडल्यावर सांग.” सिस्टरला दोन्ही सल्ले पटले, आणि तिनं नवऱ्याचा मानला याचं नवऱ्याला पुढं बरेच दिवस अप्रूप होतं.

सरांनी अंक हातात घेतला. पान अकरा वाचलं. अंक मिटून मुखपृष्ठ वाचलं, जणू ‘न’ची पळवाट तिकडं असेल. मग भिंतीकडं बघत म्हणाले, “हा सायक्लोस्टाइल केलेला कागद आहे. याला विद्वत्तापूर्ण संदर्भ म्हणता येणार नाही.”

“सर, तुमचं आख्खं नववं प्रकरण याच कागदावर उभं आहे.”

“तेव्हा तो मी वापरला होता. आता तुम्ही वापरताय.” सरांनी अंक टेबलावर ठेवला. तो सरळ केला. पुन्हा सरळ केला. “पाहणी करणाऱ्या बाई हयात असतील तर त्यांची मूळ आकडेवारी आणा. त्याशिवाय या विषयावर आपण बोलायचं नाही.”

सरांना वाटलं असेल की इतक्या जुन्या मेट्रन आता कुठं सापडायच्या. पण निवृत्त परिचारिका एकमेकींचा पत्ता ठेवून असतात. तीन फोनांत पत्ता मिळाला. मेट्रन सत्त्याऐंशी वर्षांच्या होत्या आणि भाचीकडं राहत होत्या. सिस्टर आत गेली तेव्हा त्या खिडकीपाशी रेडिओ उघडून बसल्या होत्या, म्हणजे खरोखर स्क्रू काढून.

“तू कुठल्या बॅचची?” हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न, “नखं दाखव.”

सिस्टरनं नखं दाखवली. मेट्रन समाधानानं हुंकारल्या. मग सिस्टरनं सगळी कथा सांगितली: पाहणी, ‘न’, तेवीस पुस्तकं, पाठ्यपुस्तकातला नियम, टॉवेल.

मेट्रन ऐकत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. शेवटी त्या म्हणाल्या, “म्हणजे मी लिहिलं त्याच्या बरोबर उलटं तीस वर्षं शिकवताय तुम्ही.”

“हो.”

“आणि माझंच नाव खाली लावून.”

“हो, मेट्रन.”

“बघ बाई. माणसानं नीट अक्षरात लिहून काय उपयोग.”

ती पाहणी कशी झाली तेही त्यांनी सांगितलं. तेव्हाच्या सुपरिंटेंडंटना वॉर्डात हसणं खपत नव्हतं. मेट्रननं त्यांना सांगितलं होतं की ज्या पोरी हसतात त्यांचीच कामं चोख असतात. ते म्हणाले, पुरावा आणा. म्हणून मेट्रननं अॅप्रनच्या डाव्या खिशात शर्टाची बटणं भरली. कुणी हसलं की एक बटण उजव्या खिशात. पाळी संपली की बटणं मोजायची आणि चुकांच्या वहीशी ताडून बघायची. तीन महिने, सहा वॉर्ड.

सिस्टरला त्यांना मिठी मारावीशी वाटली. “म्हणजे आकडेवारी आहे?”

“वही आहे. पण तू शिकलेली आहेस म्हणून सांगते.” मेट्रननं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. “मी फक्त सकाळपाळी मोजली. दुपारी मला डुलकी लागायची. रात्रीचं तर विचारूच नको. आणि चार नंबरच्या वॉर्डात एकही बटण हललं नाही, कारण तिथल्या पोरी मला बघितल्या की गप्प व्हायच्या. मी बाहेर पडले की आतून खिदळण्याचा आवाज यायचा. ते मी मोजलं नाही. बटणं खिशात होती, पण मीच वॉर्डात नव्हते.”

“चुका सगळ्यात जास्त कुठल्या वॉर्डात होत्या?”

“चार नंबरच्या.”

म्हणजे न हसणारा म्हणून ज्या वॉर्डाची नोंद झाली, तोच कदाचित सगळ्यात जास्त हसत होता. मग पाठ्यपुस्तकाचं खरं, की वार्तापत्राचं? की दोन्ही खोटं? एका ‘न’साठी तीनशे चादरी उचलल्या, आणि तो ‘न’ सापडूनही काहीच सिद्ध होत नव्हतं.

“हे तुम्ही तेव्हा लिहिलं का नाही?”

“लिहिलं होतं. पान बारा. पुढचं पान कोण वाचतं?”

सिस्टरनं पिशवीतून अंक काढला. पान बारावर खरोखरच होतं, सगळं, डुलकीसकट. तिनं स्वतःही ते वाचलं नव्हतं. अकराव्या पानावर हवं ते मिळाल्यावर तिनं अंक मिटला होता. तिचे कान तापले. मेट्रननं ते बघितलं. भाचीला हाक मारून त्यांनी चहा मागवला.

सिस्टरनं ठरवलं की लपवाछपवी करायची नाही. प्रबंधाच्या प्रगतीचं सादरीकरण पुढच्या महिन्यात होतं. तिनं एकेक तक्ता केला. सरांचं वाक्य, मेट्रनचं वाक्य, पान बारा, आणि शेवटी, ‘आपल्याला यातलं काहीही माहीत नाही.’ सादरीकरणाच्या आदल्या दिवशी तिनं ते सगळं सरांना दाखवलं. सरांनी वाचलं. “तुम्हाला हेच सांगायचं आहे?” एवढंच विचारलं. ती हो म्हणाली. ते म्हणाले, “ठीक आहे,” आणि पुन्हा भिंतीकडं बघायला लागले.

समितीत पाच जण होते. त्यांच्यातल्या तिघांची पुस्तकं तेविसांच्या यादीत होती. सिस्टरनं यादी दाखवली तेव्हा तिघांनीही आधी आपापलं नाव शोधलं. मग एक प्राध्यापिका म्हणाल्या, “इतकी प्रस्थापित गोष्ट तुम्ही एका चादरींच्या खोलीतल्या कागदावरून मोडीत काढताय?”

सिस्टर उत्तर द्यायला लागणार, तेवढ्यात सर उठले.

“मी तो अंक कधी पाहिलाच नव्हता,” ते म्हणाले.

अध्यक्षांनी लिहायला पेन उचललं.

“नववं प्रकरण छापायला जायचं होतं. माझा एक मित्र त्या रुग्णालयात कारकून होता. त्यानं मला ते वाक्य ट्रंक कॉलवर वाचून दाखवलं. लाइनला खरखर होती. मी तीनदा विचारलं. तो म्हणाला, ‘न हसणाऱ्या’. मला वाटलं तो ‘नं, हसणाऱ्या’ म्हणतोय, बोलताना म्हणतात तसं. पान त्यानं ‘अकरा, अकरा’ असं दोनदा सांगितलं. मी एकशे अकरा लिहिलं.” सर बसले. मग बसूनच म्हणाले, “माझा निष्कर्ष आधीच ठरला होता. त्यामुळं मला ऐकूही तेच आलं.”

मागच्या रांगेत वाळवी बसला होता. त्यानं हसू दाबायचा फार प्रयत्न केला, आणि त्यातून जो आवाज निघाला तो हसण्यापेक्षा वाईट होता. त्यानंतर त्या प्राध्यापिका घसा खाकरून म्हणाल्या, “मी तर सरांच्या पुस्तकातून घेतलं होतं.” शेजारचे म्हणाले, “मी बाईंच्या पुस्तकातून.” तिसरे, ज्यांनी ‘जगभरातील अभ्यासक एकमुखाने’ लिहिलं होतं, ते म्हणाले, “मी या दोघांचं वाचलं, म्हणून बहुवचन वापरलं.” आणि मग जो काही हशा झाला त्यात अध्यक्ष टेबलावर पेन आपटत होते ते शांततेसाठी की स्वतःलाच आवरत नव्हतं म्हणून, ते कुणालाच सांगता आलं नाही.

सर हसले नाहीत. पण सादरीकरण संपल्यावर जिन्यात ते सिस्टरजवळ थांबले, आणि पहिल्यांदाच भिंतीकडं न बघता तिच्याकडं बघून म्हणाले, “त्या मेट्रनबाईंचा पत्ता द्या. माफी मागायला हवी.” ते गेलेही. मेट्रननं त्यांना आधी नखं दाखवायला लावली, असं नंतर भाचीकडून कळलं.

प्रगती मान्य झाली, पण समितीनं अट घातली. ‘आपल्याला माहीत नाही’ यावर कुणाला पीएचडी देता येत नाही, म्हणून सिस्टरनं पाहणी नव्यानं करावी. सहा वॉर्ड, तिन्ही पाळ्या, आणि परिचारिकांना कळू न देता. शेवटची अट वाचून वाळवी म्हणाला, “रुग्णालयात कुणाला कळू न देता? त्यापेक्षा ट्यूमरवर करा.”

कॉलेजच्या प्राचार्यांनी पाठ्यपुस्तकातला नियम तोवर स्थगित केला. त्यांनी परिपत्रक काढलं, ‘पुढील आदेशापर्यंत परिचारिकांच्या हसण्याबाबत संस्थेची कोणतीही भूमिका नाही.’ ते वाचून पहिल्या वर्षाच्या मुली इतक्या हसल्या की त्याच परिपत्रकाखाली कारवाई करता येईल का, यावर दुसऱ्या दिवशी बैठक झाली.

सिस्टरनं सोमवारी सकाळी तीन नंबरच्या वॉर्डापासून सुरुवात केली. कोपऱ्यात स्टूल टाकून, मांडीवर कोरा कागद घेऊन ती बसली. अर्थात सगळ्यांना कळलं होतं. चार तास कुणी हसलं नाही. परिचारिका तिच्यासमोरून अशा जात होत्या जणू कुणाचं तरी शव नेतायत. एकीनं इंजेक्शन देताना पेशंटला “दुखलं का?” इतक्या करुण स्वरात विचारलं की तो घाबरून नातेवाइकांना बोलवा म्हणाला.

दुपारी पलंग क्रमांक नऊवरच्या म्हाताऱ्या पेशंटनं तिला खुणावलं. पोटाला टाके होते, आवाज बारीक होता. “बाई, तुम्ही सकाळपासून इथं बसून काय करताय?”

“कोण हसतं ते मोजतेय, काका.”

“किती झाले?”

“एकही नाही.”

काकांनी थोडा वेळ विचार केला. “पगार चालू आहे का?”

“हो.”

काका हसायला लागले. टाक्यांमुळं त्यांना हसता येत नव्हतं आणि थांबताही येत नव्हतं. ते पोट धरून ‘अगं आई गं’ करत हसत होते, ते ऐकून पट्ट्या बदलणारी परिचारिका वळली, आणि तिच्या नाकातून पहिला आवाज निघाला. मग दुसरीच्या. सिस्टरनं घाईघाईनं कागदावर दोन रेघा मारल्या.

“तिसरी मारा,” काका धापा टाकत म्हणाले. “मी पण हसलो.”

“पेशंटचं धरायचं नाही, काका. अभ्यास परिचारिकांचा आहे.”

“वा. टाके माझे ताणले, आणि नोंद त्यांची?”

दोन्ही परिचारिका बाजूला येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की काकांचं बरोबर आहे. सिस्टर म्हणाली की पद्धतीत तसं लिहिलेलं नाही. काका म्हणाले, पद्धत कुणी लिहिली? सिस्टर म्हणाली, मीच. मग तिनं कागद उलटा केला, मागच्या बाजूला ‘पेशंट’ असा नवा रकाना आखला, आणि त्यात एक रेघ मारली.